दोनशे वॅट आणि माझे कान

४ जानेवारी, रविवार
निर्णय झाला. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर करून घ्यायचा. रेडिमेड नाही. हाताने बनवलेला, खास माझ्या कानांसाठी.

कारण लिहून ठेवतो, पुढे विसरायला नको. काल तबकडीच्या घरी गेलो होतो. तबकडी म्हणजे आमच्या ऑफिसातले हिशेब विभागाचे साहेब. घरात नऊशे रेकॉर्ड, म्हणून हे नाव. दर महिन्याला त्यांच्याकडे श्रोते मंडळ जमतं. सात माणसं डोळे मिटून बसतात. मीही मिटले आणि थोड्या वेळाने म्हणालो की मधला आवाज जरा मागे पडतोय. सगळे माझ्याकडे बघतच राहिले. नंतर कळलं, रेकॉर्ड अजून लावायची होती. हरकत नाही. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा साउंड असतो, तो कितीजणांना ऐकू येतो?

एकवीस वर्षं पाण्याच्या ऑफिसात मीटर तक्रार विभागात आहे. दिवसभर लोकांचं ऐकून घेतो. कान तयार होणारच.

मंडळाचं सभासद व्हायचं. अट एकच: आपल्या घरी एक बैठक घ्यायची आणि सातही जणांना पसंत पडायची. मार्चअखेर होऊन जाईल.

१० जानेवारी, शनिवार
वाइंडरकाकांकडे गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. पूर्वी सिनेमा थिएटरांचे अॅम्प्लिफायर सांभाळायचे, आता सांगाल तसे बनवून देतात. ट्रान्सफॉर्मरची तार स्वतःच्या हाताने गुंडाळतात, म्हणून वाइंडरकाका.

काय ऐकता, विचारलं. म्हटलं, सगळं. म्हणजे काय, म्हणाले. प्रश्न भरकटत चालला होता, म्हणून मी वॅटवर आलो. डावीकडे शंभर, उजवीकडे शंभर. त्यांनी हॉल केवढा आहे ते विचारलं. दहा बाय बाराची खोली आहे म्हटल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले. पंधरा वॅटमध्ये खोली भरून वाहील म्हणाले. म्हटलं, वाहू दे.

एवढ्या पॉवरचं काम बारा वर्षांत कोणी मागितलं नव्हतं, असं म्हणताना त्यांचे डोळे पाणावले. समोर सोल्डरिंगचा धूर होता, पण मला नाही वाटत धुराने.

११ जानेवारी
हिला सांगितलं. तिने एकच विचारलं, ठेवणार कुठे? म्हटलं, तुझं शिलाई मशीन आहे त्या बाजूला. काही बोलली नाही. म्हणजे संमती.

१२ जानेवारी
मशीन जागेवरच आहे. संमती मिळाली, अंमलबजावणी बाकी.

१ फेब्रुवारी
संकल्प. रोज पहाटे सहाला उठून एक तास ऐकायचं. अॅम्प येईपर्यंत कान त्याच्या लायकीचे हवेत.

२ फेब्रुवारी
सहाला उठलो. हेडफोन लावला. आठला हिने हलवून जागं केलं. झोपेतही मेंदू ऐकतच असतो, असं कुठेतरी वाचलंय.

३ फेब्रुवारी
आठ वाजता.

१४ फेब्रुवारी, शनिवार
गेले तीन शनिवार काकांकडे जातोय. देखरेख हवी. चांदीची तार वापरता येईल का, पेटी अक्रोडाच्या लाकडाची होईल का, दिवे निळे दिसतील का, अशा सूचना केल्या. काकांनी प्रत्येक वेळी चहा मागवला.

आज म्हणाले, तुम्ही फक्त वेढे मोजा. मी मोजत होतो. सहाशेच्या आसपास मला वाटलं, एकाग्रता म्हणजे काय हे काकांना समजावून सांगावं. सांगून झाल्यावर काकांनी आकडा विचारला. आम्ही दोघांनी सगळी तार सोडवली.

निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मी बोलावेपर्यंत येऊ नका म्हणाले. माझ्या वाट्याचं काम संपलं, एवढाच याचा अर्थ.

१ मार्च
बैठकीची तारीख जाहीर केली. २२ मार्च, रविवार, संध्याकाळी पाच. तबकडी आणि मंडळी येणार. आमचे मॅनेजरही येतो म्हणाले. मी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा ते हो म्हणाले.

८ मार्च
विजेचा प्रश्न. घरातली वीज मळलेली असते. मिक्सर, गिझर, टीव्ही, सगळ्यांची उष्टी. मोठा अॅम्प असली वीज पितो का? इलेक्ट्रिशियनला बोलावून जिन्यातल्या कॉमन लाइनवरून स्वतंत्र तार घेतली. तो म्हणाला, ही लिफ्टची लाइन आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. विचारणार आहे. आधी त्यांना ऐकवतो, मग विचारतो. नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

१४ मार्च, शनिवार
आला. दोन पेट्या, एकेक अडतीस किलोची. चार हमाल, एक दोरी, आणि मी सूचना द्यायला. टेबलावर ठेवल्यावर टेबलाने आवाज केला, म्हणून जमिनीवर ठेवल्या. व्हॉल्व्ह पेटले. केशरी. बघतच बसावं.

शिलाई मशीनवरून थोडी चर्चा झाली. काकांनी टेप घेऊन खोली मोजली आणि सांगितलं की ऐकायला सगळ्यात उत्तम जागा नेमकी ताईंच्या मशीनची आहे. पेट्या समोरच्या भिंतीला, माझ्या जुन्या स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेअरशेजारी लागल्या. मशीन तिथेच राहिलं. तात्पुरतं.

काकांनी गाणं न लावता विचारलं, काही गुणगुण ऐकू येते का? मी डोळे मिटले आणि म्हणालो, शून्य. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, डाव्या पेटीत माशीसारखं काहीतरी वाजतंय. काकांनी पेटीला कान लावला. मग आत हात घालून एक वायर दोन बोटं बाजूला सरकवली. आता थांबलं, ही आतूनच म्हणाली.

बायकांचं लक्ष घरातल्या बारीकसारीक आवाजांकडे असतं. त्याला कान म्हणत नाहीत, सवय म्हणतात.

२२ मार्च, रविवार, दुपारी ४
तयारी पूर्ण. नवा शर्ट. आठ खुर्च्या. छोटं भाषणही तयार आहे, दहा मिनिटांचं. पावणेपाचला अॅम्प तापत ठेवणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ८
झालं ते थोडक्यात.

पावणेपाचला बटण दाबलं. व्हॉल्व्ह क्षणभर पेटले आणि विझले. जिन्यातला दिवाही गेला. पाच मिनिटांनी वीज आली, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा गेली. असं चार वेळा. पाच वाजून गेले तरी एकही पाहुणा नाही. लोकांना वेळेची किंमत नसते, हे मी हिला सांगत होतो, तर ती म्हणाली, लिफ्टमधून कोणीतरी हाका मारतंय.

मॅनेजर आणि तबकडी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये होते. सेक्रेटरी खाली फ्यूज बसवत होते आणि मी वर उडवत होतो. बाकीचे सहाजण जिन्याने चढून आले, ते लिफ्टच्या दाराशी उभं राहून आतल्या दोघांना धीर देत होते. चाळीस मिनिटांनी दोघे बाहेर आले. मॅनेजर माझ्याकडे न बघता जिना उतरले. जाताना एवढंच म्हणाले की उद्या केबिनमध्ये या. मंडळ त्यांच्यामागोमाग गेलं. सेक्रेटरींनी माझी तार कापून माझ्याच हातात दिली.

सगळं बघता बैठकीची चर्चा बरेच दिवस होईल.

२३ मार्च
केबिनमध्ये गेलो. मॅनेजरना मी मळलेल्या विजेचा मुद्दा समजावून सांगितला. त्यांनी मला महिनाभर जुन्या मीटरच्या गोदामात यादी करायला पाठवलंय. शांत जागा आहे. कानांना विश्रांती.

५ एप्रिल
काकांनी येऊन अॅम्प घरच्या साध्या लाइनवर जोडला. हळूहळू तापेल अशी काहीतरी सोय आत बसवली. उत्तम चालतो. ही वीज दिसते तेवढी मळलेली नसावी.

काकांनी जाताना हिला सांगितलं की महिन्यातून एकदा ऐकून मला कळवा. मालक मी आहे, हे बहुतेक त्यांच्या लक्षात राहिलं नाही. वय झालं.

१६ एप्रिल, गुरुवार
तबकडी एकटेच आले. जिन्याने. मंडळाने आणखी एक संधी द्यावी का, ते बघायला. सोबत एक रेकॉर्ड. साधीच, एका बाईचा आवाज आणि मागे तानपुरा. मी त्यांना उत्तम जागेवर, म्हणजे मशीनच्या स्टुलावर बसवलं. रेकॉर्ड संपल्यावर त्यांनी विचारलं, काय ऐकलंत? म्हटलं, सोनेरी. ते वाट बघत राहिले. म्हटलं, आणि थोडं चंदेरी.

ही चहा घेऊन दारात उभी होती. सहज म्हणाली, दुसऱ्या कडव्याआधी त्या बाईंनी मान वळवली, कोणाकडे तरी बघून हसल्या आणि मग गायल्या.

तबकडींनी रेकॉर्ड पुन्हा लावली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी ते उठले, हिच्या हातातला ट्रे घेऊन माझ्या हातात दिला आणि वहिनी बसा म्हणाले.

मी ट्रे धरून उभा होतो. चहा गार झाला.

२६ एप्रिल
मंडळाचा निरोप आला. तबकडींच्या शब्दावर सातही जणांची पसंती. नवे सभासद: वहिनी.

घरात सभासदत्व आलं, हे महत्त्वाचं. कोणाच्या नावावर, हा तांत्रिक भाग झाला.

३ मे, रविवार, सकाळी ११
मंडळ पुढच्या आठवड्यात आमच्याकडे आहे. ही सकाळपासून रेकॉर्ड निवडतेय. तबकडींनी वीस पाठवल्या आहेत. मी दारातून बघत होतो. डोळे मिटलेले, हात मांडीवर, मान किंचित कलती. लग्नाला तेवीस वर्षं झाली, हा चेहरा मी पाहिला नव्हता.

रेकॉर्डची बाजू संपल्यावर आत गेलो. विचारलं, तुला इतकं ऐकू येतं, हे कधी सांगितलं नाहीस?

रेकॉर्ड उलटवता उलटवता ती म्हणाली, "तुम्ही बोलत होतात ना."

रागाने नाही. मीटरचा आकडा सांगावा तसं.

यावर मला बरंच म्हणायचं होतं. तीन मुद्दे तयार झाले होते. पहिला सुरू करणार, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. सुई टेकली होती. मी जमिनीवर बसलो.

बावीस मिनिटं गप्प होतो. मध्ये एकदा काहीतरी ऐकू आलं. अगदी बारीक, लांबून, एकाच सुरात. आजवर कधी ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला. बाजू संपल्यावर हिला विचारलं, ते काय होतं?

फ्रिज, म्हणाली.