निगेटिव्हवरची पेन्सिल

प्रिय भिंगरी,

तुझं पुस्तक तीनदा वाचून झालं. पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा चष्मा पुसत पुसत, आणि तिसऱ्यांदा फोटो स्टुडिओतलं जुनं भिंग घेऊन. म्हटलं, ही पोरगी कुठेतरी डाग झाकत असणारच. नाही सापडलं काही. बायकांना लोक कसे मापतात, कातडीच्या रंगावरून माणसाची पायरी कशी ठरते, हे शिकलेल्या बायका लिहितातच गं. पण आई गेल्यावर तिच्या दोन नंबर लहान चपला घालून तू चार महिने लंगडत हिंडलीस आणि वर तिच्यावरच चिडलीस, की हिचे पाय एवढेसे कशाला, हे चारचौघांत मांडायला छाती लागते. मी आ वासून वाचत बसले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. माझ्या मांडीवर शेंबूड पुसणारी तू ती हीच, यावर अजून विश्वास बसत नाही.

आणि आता नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी तुला तो फोटो हवाय, मूळ निगेटिव्हसकट. तू पाच वर्षांची, आईच्या मांडीवर, चेहरा पिठात बुडवल्यासारखा. त्या फोटोवर तुझं अख्खं सातवं प्रकरण उभं आहे. आईनं माझा रंग पुसून घेतला, असं तू लिहिलंयस. तिथे आले की दरवेळी मी पुस्तक मिटून ठेवते.

माझं काम तू लहानपणी शेजारी बसून पाहिलंयस, पण तेव्हा तुझं लक्ष रंगीत पेन्सिलींवर. खिडकीपाशी तिरकी काच, त्यावर निगेटिव्ह, आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरवावी तिथे छापलेला फोटो उजळतो. वांग, सुरकुत्या, देवीचे व्रण, सगळं जायचं. आणि रंगही. नवऱ्या मुलींचे फोटो तर मालक न सांगताच माझ्याकडे सरकवायचे. तुझी आई आणि मी, आम्हा दोघी बहिणींत काळी मी, हे तुला सांगायला नको. हात बसल्यावर मी पहिला उजळला तो माझाच चेहरा. तो फोटो पाहून आलेलं स्थळ मला प्रत्यक्ष पाहून चहा न घेताच उठलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तरी अक्कल आली नाही. तुझा फोटो काचेवर आला आणि मला वाटलं, हिच्या वाट्याला ते नको. दोन दुपारी खपून केलं मी ते काम. मला कुणीही सांगितलं नव्हतं. तुझी आई फोटो न्यायला आली, बराच वेळ बघत राहिली आणि विचारलं, ही कुणाची मुलगी? मी हसले. ती नाही हसली. जाताना एवढंच म्हणाली, की हे पोरीला कधी कळू देऊ नकोस, तिचा तुझ्यावर फार जीव आहे. पुढे जन्मात तिनं हा विषय काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं, हे मला तुझ्या पुस्तकात कळलं. पान एकशे बारा. पंधराव्या वर्षी तू तिला विचारलंस, हे तूच करवलंस ना? ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली, आणि ते गप्प बसणं तू कबुली धरलीस. त्यानंतर किती वर्षं तू तिच्याशी तुटक वागलीस, तेही लिहिलंयस. भिंगरी, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू. तिला एक शब्द पुरला असता, आणि तो तिनं शेवटच्या आजारपणातही उच्चारला नाही. सख्खी बहीण माझी, एका ताटात जेवलो आम्ही, आणि ती केवढी होती ते मला आत्ता, ती गेल्यावर, छापील पानावर दिसावं. त्या पानापाशी मी हात जोडले.

म्हणून हे पत्र. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसानं पेन्सिल पुसून निगेटिव्ह सोबत पाठवतेय, छापून घे. पण त्याआधी सातवं प्रकरण बदल. त्यात मला घाल, नावानिशी, जशी आहे तशी. नंतर तू माझं तोंड पाहिलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. तुला मावशी उरावी म्हणून तिनं तुझा राग पदरात घेतला. आता मावशी गेली तरी चालेल, तू तुझी आई परत घे.

तुझीच, अजून म्हणवत असेल तर,
मावशी