गाडीचा रंग

शहिरा,

‘प्रिय’ लिहायला हात धजावत नाही, म्हणून नुसतंच नाव. तू मार्सेलला मजेत असशीलच.

जुन्या पेटीत तुझा तरुणपणीचा फोटो सापडला. अलेक्झांड्रियाच्या समुद्राकाठी कुणाच्या तरी गाडीला टेकून हसते आहेस. तेव्हापासून मुनीर रोज भिंग घेऊन त्याच्यासमोर बसतो. का, तर म्हणे गाडी ओळखायची आहे. बाल्कनीत बसून नुसत्या हॉर्नवरून गाड्या ओळखणारा माझा नवरा हा.

काल सासूबाईंनी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “फियाट आहे रे. असल्या गाडीत बसलं की मला मळमळायचं.”

“ते कळलं, आई. पण साल कोणतं?”

मी विचारलं, “साल बंपरवरून कळतं ना? मग भिंग शहिराच्या तोंडावर कशाला?”

तो दचकला. “रंग शोधतोय,” म्हणाला. काळ्या-पांढऱ्या फोटोत.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू हसशील, आणि तुझं हसणं या घरात आता पाठ झालंय.

गाडीचा रंग मलाही आठवत नाही. तुझ्या अंगातला फ्रॉक मात्र पिवळा होता. माझा होता तो.

तुझी थोरली बहीण,
इनायत