चार ओहमच्या खाली नाही

चाचा, तुमचं मीटर अजून चालतं. काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि लाल वायर मी दोनदा बदलली, पण काटा तुमच्यासारखाच आहे. थोडा वेळ घेतो आणि मग बरोबर जागी जाऊन बसतो. अकोल्यातल्या माझ्या दुकानात बँडवाली कॉलेजची पोरं येतात, ती त्याच्याकडे बघून हसतात. त्यांच्याकडे आकडे दाखवणारी मीटरं आहेत. हसू देत. त्यांच्यातल्या दोघांचे जळालेले अँप्लिफायर या महिन्यात मी याच मीटरवर उभे केले आणि दोघांनाही तुमचाच प्रश्न विचारला, "मागं किती खोके लावले होते?" दोघांनीही माना खाली घातल्या.

अमरावतीच्या तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा कागद पेटीत टाकून चार वर्षं चांदूर बाजारला आईबाबांबरोबर वांगी आणि मेथी तोडत काढली होती. साउंड सर्व्हिसच्या दुकानात एक बाई काम मागते आहे म्हटल्यावर समोरचा पंक्चरवाला हातातली ट्यूब टाकून बघायला आला. तुम्ही मान वर न करता विचारलं, "सोल्डरिंग येते?" मी म्हटलं, येते. "मंग उभी काहून राहिली? बस." एवढीच माझी मुलाखत झाली, आणि अजूनही मला तिचा अभिमान वाटतो.

तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या हातात हे मीटर आणि पांढऱ्या रंगाचा डबा देता. बेसच्या स्पीकरचे अकरा खोके भिंतीला लावून ठेवलेले. प्रत्येकाच्या पाठीवर त्याचे ओहम लिहायचे आहेत. मी इमानदारीनं एकेक खोका मोजते आणि अकराच्या अकरांवर वीतभर मोठा सहा काढते. तुम्ही नमाज पढून परत येता आणि दारातच थांबता. "हे काय करून ठेवलं व? आठचे खोके हायेत हे!" मी रडवेली होऊन मीटर पुढे करते, तर तुम्ही स्टूल ओढून बसता. "मीटर खोटं नाई बोलत, बेटा. पण तू त्याले काय विचारलं ते पाय. तू निजलेल्या खोक्याले विचारलं. त्यानं नुसत्या तारेचे सहा सांगतले. गाणं सुरू झालं की तोच आठ होते." मी पुसायला फडकं घेतलं, तर तुम्ही ते हातातून काढून घेतलंत. "राहू दे. रोज दिसलं पायजे." पुढे अख्ख्या अमरावतीत आपल्या खोक्यांना 'सहावाले' हे नाव पडलं आणि कुठल्याही मांडवात मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

खरी शाळा मात्र चाचीच्या स्वयंपाकघरात भरायची. बेस गिटारसाठी तुम्ही जो अडीचशे वॉटचा अँप्लिफायर बांधलात, त्याचा ट्रान्सफॉर्मर तिथेच गुंडाळला. तुम्ही तार फिरवायचात आणि चाची पोळ्या लाटता लाटता फेरे मोजायची. ती एकदाही चुकली नाही, तुम्ही दोनदा चुकलात. तिथेच मी विचारलं होतं की आठ आणि आठ मिळून सोळा का होत नाहीत. तुम्ही म्हणालात, "तुया बापाच्या विहिरीवर मोटर हाय ना? एक नळी सोडली तर मोटर आरामात चालते. चार नळ्या एकदम सोडल्या तं?" मोटर तापते, मी म्हटलं. "तसंच हाय हे. शेजारी शेजारी खोका जोडला की करंटले एक वाट वाढली. दोन आठचे मिळून चार ओहम, चार जोडले तं दोन. लोकाइले वाटते खोके वाढले म्हंजे जोर वाढला. जोर नाई वाढत, अँप्लिफायरचा ताप वाढते." आणि हा अँप्लिफायर चार ओहमपर्यंतच सोसणारा होता. म्हणून मांडवात दर अर्ध्या तासानं त्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा आणि मनात वीसपर्यंत मोजायचं, ही तुमची रीत. वीसच्या आधी हात उचलावा लागला तर समजायचं की जोडणीत आपलं काहीतरी चुकलं आहे.

बुडालेल्या कापसानं घरोघरची तोंडं उतरवली होती ती ही वर्षं. घरटी वेगळा मांडव घालणं लोकांनी सोडलं होतं, एकाच मांडवात तालुक्याची लग्नं लागायची. चांदूर बाजारच्या अशाच लग्नाला ऑर्केस्ट्रासोबत जायचं होतं आणि तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी बांधून तुम्ही अँप्लिफायर स्वतः टेम्पोत ठेवलात. त्याच्यासारखा दुसरा आपल्याकडे नव्हता आणि पुढचा सगळा हंगाम त्याच्यावर होता. "जाय. पन चार ओहमच्या खाली नाई. कलेक्टर आला तरी नाई." मला एकटीला पाठवायची ती पहिली वेळ, आणि तीही माझ्याच गावी.

पुढचं तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की मलाही ते तुमच्याच तोंडून ऐकल्यासारखं आठवतं. सकाळी अकराची वेळ, मांडव भरलेला, आपले दोन खोके जोडून झालेले. आयोजक दोन जास्तीचे खोके उचलून आणतो आणि म्हणतो, "बाई, हेही जोडा. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला पायजे." बायकांमधून माझी आई बघते आहे. मी उठून उभी राहते आणि सगळ्यांदेखत सांगते, "नाही जोडणार." तो चिडून तेच खोके भाषणांचे माइक लावलेल्या दुसऱ्या साउंडवाल्याकडे नेतो. तो गडी बिनदिक्कत स्वतःचे दोन आणि हे दोन असे चारही खोके शेजारी शेजारी जोडतो. तिसऱ्या पाहुण्याचं भाषण अर्ध्यावर असताना जळका वास येतो आणि मांडव मुका होतो. मग माइकची वायर माझ्याकडे येते. बेसच्या खोक्यांतून मंगलाष्टकं अशी घुमली की भटजी स्वतःच दचकले! त्यानंतर बौद्ध जोडप्यांचं त्रिशरण झालं, मग दोन निकाह लागले, सगळं आपल्या त्या दोन सहावाल्या खोक्यांतून. मी अँप्लिफायरवर हात ठेवून वीसपर्यंत मोजलं, मग हौसेनं पन्नासपर्यंत मोजलं.

बेस वाजवणाऱ्या दादानं ही हकिकत तुम्हाला सांगितली, तेव्हा तुम्ही पंक्चरवाल्याला हाक मारून बोलावलंत. "आयक. आमची पोरगी भर मांडवात नाई म्हने." आणि हे मीटर माझ्यापुढे ठेवलंत. "आता हे तुयं." त्या दिवसानंतर तुम्ही माझी जोडणी कधी तपासली नाही. चाचा, तुमच्या हाताखाली शिकले हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

आता जे चौदा वर्षांपूर्वी, तुम्ही असतानाच, सांगायला हवं होतं ते सांगते. त्या दिवशी मी जोडणार होते. आयोजकाचा आवाज चढला, आई बघत होती, आणि मी "देते जोडून" असं म्हणायला तोंड उघडतच पिशवीत हात घातला. जास्तीच्या वायरी पिशवीत नव्हत्या. त्या अमरावतीला दुकानातल्या खिळ्याला लटकत राहिल्या होत्या. तुमची पोरगी वायरी विसरून आली हे गावासमोर कबूल करायची मला लाज वाटली, म्हणून मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, नाही जोडणार. एवढंच घडलं होतं. तुम्ही मीटर दिलंत तेव्हा खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तुमचा तो एक डोळा इतका आनंदात होता की मी मीटर उचलून पिशवीत ठेवलं. मग तुम्ही सांगत फिरलात तशी होण्यावाचून मला गत्यंतर उरलं नाही.

परवा अकोल्यात एका मोठ्या कार्यक्रमाला तसाच एक आयोजक चार खोके घेऊन आला. सोबत त्याची चार माणसं होती आणि आवाज त्याहून चढलेला. मी म्हटलं, नाही जोडणार. चाचा, वायरींचं भेंडोळं माझ्या खांद्यावर होतं.

हे पत्र पाठवायचं तर तुमच्या मागे चाची राहायला गेली त्या बाळापूरच्या घरीच पाठवावं लागेल. तिथे ती अजूनही आल्यागेल्याला भर मांडवात नाही म्हणणाऱ्या पोरीची गोष्ट सांगते. आणि चाचीला मराठी चांगलं वाचता येतं.