एक जूनची माणसं

७ एप्रिल

अखेर मुख्याध्यापिका झाले! सोनगीर फाट्यापासून सहा किलोमीटर आत गाव, चार खोल्यांची शाळा, दारात दोन कडुनिंब. धुळ्याहून रोज जाऊन-येऊन जमणार नाही म्हणून शाळेशेजारचीच खोली घेतली. व्हरांड्यात 'आजचा दिनविशेष' लिहायचा फळा आहे. त्यासाठी पूर्वीच्या लोटन गुरुजींनी जाडजूड वही करून ठेवलीय, एका तारखेला एक पान. आयतीच सोय झाली. गावकरी मात्र भलतेच चौकस. नाव-गाव राहिलं बाजूला, जो येतो तो आधी जन्मतारीख विचारतो. बाईमाणसाला वय विचारू नये एवढंही कळू नये? मी हसून टाळलं.

१६ एप्रिल

शेजारच्या शेवंता अक्का रोज काहीतरी आणून देतात. आज वरण-बट्टी, वर तुपाची धार. बाई सत्तरीच्या, एकट्या, बोलणं गोड. माझं जेवण होऊ दिलं आणि मग म्हणाल्या, एक काम होतं. शाळेच्या रजिस्टरात त्यांची जन्मतारीख १ जून लागलीय, जन्म मात्र आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. यात नवीन काय? ज्या पोराची तारीख घरच्यांना ठाऊक नाही त्याला गुरुजी सरसकट १ जून लावायचे, म्हणजे जूनमध्ये शाळेत घालायला वय बरोबर बसतं. माझंही तेच, कागदावर १ जून, आई सांगते पोळा. हे ऐकलं आणि अक्कांनी माझा हात घट्ट धरला. "मनी तेवढी बदली दे, माय," म्हणाल्या, डोळ्यांत पाणी. नियमात बसत नव्हतं, पण बट्टी पोटात होती. लाल शाईनं आखाजीची तारीख घातली आणि सही ठोकली.

२ मे

गाव एकाएकी माझ्यावर फिदा झालंय. कोणी कैऱ्या आणतं, कोणी पापड. जन्मतारीख आता कोणीच विचारत नाही. सरपंच नवलभाऊंनी तर जाहीरच केलं की एक जूनला मॅडमचा वाढदिवस, गावजेवण घालायचं, सुट्टी लागली तरी मॅडमनी थांबायचं. मी अक्कांशिवाय कोणाजवळ बोलले नव्हते. एवढे लाड कशासाठी? मला हे गोड लागत नाही.

१९ मे

दप्तर आवरताना वहीत १ जूनचं पान उघडलं. १९३० : डेक्कन क्वीन सुरू. १९४८ : पहिली एसटी धावली. त्याखाली गावातली माणसं. २०११ : झिपरू, विहिरीत. २०१२ : भिकुबाई, जिन्यावरून. असं दर वर्षी एक. रजिस्टर काढून नावं ताडली. प्रत्येकाची जन्मतारीख १ जून. २०१९ ला खुद्द लोटन गुरुजी, उन्हानं. तारीख तीच. पण त्यांच्यानंतरच्या पाच ओळीही त्यांच्याच अक्षरात आहेत! शेवटची २०२४ : तोताराम, घास अडकून. शिपाई पितांबरचा चावटपणा असणार. त्याला सोडणार नाही.

२१ मे

पितांबरचं अक्षर मस्टरवर पाहिलं. कोंबडीचे पाय. तो नाही. खनपटीला बसले तेव्हा खाली बघत बोलला. गुरुजींनी त्या दिवसावर खोटे जन्म लादले, आता दिवस खरी मरणं मागतो. हल्लीची पोरं दवाखान्यात जन्मतात, त्यांना खऱ्या तारखा असतात. एक जूनवाले संपत आले. गावात शेवंताबाईच शेवटच्या होत्या.

'होत्या' म्हणाला. मला क्षणभर कळलंच नाही.

२९ मे

पानावर नवी ओळ. २०२५ : कोकिळा. पुढे कोरं. माझंच नाव.

सकाळच्या गाडीनं निघते. अक्कांनी अडवलं नाही. दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. माफी मागत होत्या की सुटल्या म्हणून रडत होत्या? मला राग येतोय. भीती त्याहून जास्त.

३१ मे, धुळे

घरी. ललितला सांगितलं, धाकटा भाऊ तो, हसला. वही शाळेच्या कपाटात ठेवून आले होते — पिशवीत निघाली. रजिस्टर मात्र मीच आणलंय. का आणलं ते मला माहीत आहे. लाल पेनही आणलंय.

१ जून, सकाळी अकरा

आता कोरं नाही. 'कोकिळा, धुळे, स्वयंपाकघरात.' — मी स्वयंपाकघरातच बसलेय. ललित केक आणायला गेलाय.

उठून पुढच्या खोलीत आले. शब्द बदलले. 'पुढच्या खोलीत.'

साडेअकरा

रजिस्टरातली अक्कांची दुरुस्ती रद्द केली. माझीच शाई, माझीच सही. शेवंताबाई, १ जून. देवा — त्या सत्तर वर्षं जगल्यात, मी एक्केचाळीस. आणि मी पोळ्याची, ही तारीख माझी नाहीच —

वही उघडली. माझं नाव तसंच आहे. तसंच! त्याखाली आणखी एक ओळ, शाई ओली. शेवंताबाई, त्याच खोलीत —

दारावर थाप. अक्कांचा आवाज. गावाहून आल्यात, बट्टी घेऊन — रडताहेत — "मनी तारीख माले परत दे, माय, तुना जीव नको माले" —

कडी लावायची राहिली. दार हलतंय. अक्का, तिथंच थांबा, आत येऊ न