पहिल्या मोहिमेचं कडं

कार्थेज, बूल महिना, पौर्णिमा

लेप्तिसच्या मोन्ना हिला शिबोलेतचा नमस्कार. इकडे ठीक आहे, म्हणजे शहर अजून उभं आहे.

तुझा मुलगा माझ्या कोठारात आहे आणि माझ्या हातचं खात नाही, म्हणून लिहावं लागतंय. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घे. लाज वाटायची ती मला वाटेल.

तुमच्या गावाजवळच भाडोत्री सैनिकांचं आणि त्यांना मिळालेल्या तुमच्या लोकांचं बंड मोडलं, तो धूर तू पाहिला असशीलच. त्या शेवटच्या लढाईसाठी शहरानं म्हाताऱ्यांच्याही हाती भाले दिले. आदर्बाल, माझे यजमान, दुखऱ्या गुडघ्यांनी गेले.

आमच्याकडे पुरुष लढलेल्या प्रत्येक मोहिमेचं एक कडं दंडात घालतो. यांच्या मोहिमा पाच, कडी चार. पहिलं सिसिलीच्या समुद्रात पडलं, असं लग्नात सांगितलं होतं. ती चार मी दर सणाला राखेनं घासत आले.

लढाई संपल्यावर कैद्यांत एकाच्या दंडात आमचं कडं दिसलं. आमच्याच कुणा मेलेल्याचं लुटलंय, असं समजून एकानं हात तोडायला कुऱ्हाड उचलली. यांच्या पोटात आधीच भाला शिरलेला. तरी ओरडले, "थांबा! ते माझं आहे. मीच दिलंय त्याच्या आईला."

सगळ्या पलटणीसमोर! मला एकटीला सांगायला एकवीस वर्षं मिळाली होती.

आता शेजारीण टाक्यावर म्हणते, "नशीब काढलंस हो शिबो! बाळंतपणाचा त्रास नाही, आणि मुलगा दाढीमिशीसकट!"

घरी आणल्यावर ते फार दिवस नव्हते. शेवटी म्हणाले, "पोराला घरी पाठव." मी विचारलं, "कुठल्या घरी?"

कायद्यानं तो लुटीतला माझा वाटा. ठेवून घेणार होते. पाणी भरेल, लाकडं फोडेल. तुझ्या दारात नसेल, एवढं तरी. उद्या इथले तरुण तुमच्या बंडाच्या पकडलेल्या पुढाऱ्याला रस्त्यांतून फिरवून मारणार आहेत. सकाळी येऊन विचारून गेले, "काकू, तुमचा कैदी देता का सोबत?" नाही म्हणायला मला वेळ लागला.

मग कोठारात गेले. म्हटलं, "कडं काढ. त्यांच्या थडग्यात ठेवायचंय."

"घ्या. ज्याचं आहे त्यालाच दे, असं आई म्हणायची."

तुमच्या बायकांनी शपथ घेऊन अंगावरचा एकूणएक दागिना बंडासाठी दिला, असं ऐकलंय. तू हे एक ठेवलंस. उजेडात धरलं तर डोळे दिपले.

"आई घासते?"

"रोज."

एवढं बोलून मान खाली घालून बसला, अगदी यांच्यासारखा. तसा बसलेला माणूस मी कधी दुसरीच्या हाती दिला नव्हता. निदान तसं समजत होते.

चार कडी थडग्यात ठेवली. पाचवं तिथं ठेवून त्यांना तुझ्यासोबत झोपवणार नाही. उत्तर पाठवू नकोस.

आदर्बालची बायको,
शिबोलेत

मीठवाल्याच्या होडीतून सोपवलं ते: मुलगा एक, उजवा खांदा दुखावलेला, उपाशी. सातूची भाकरी आणि अंजिरं; तू दिलीस तर खाईल. कडं एक. घासावं लागलं नाही.