पूजा करून जेवतेस ना

परभणी,
मार्गशीर्ष शुद्ध ८, शके १८६५

ती. आईस महानंदाचा शरणार्थ.

मी पोचले. गंगाखेडपर्यंत मोटार, पुढे रेल्वे. वळकटी एका शिपायाने पायाखाली घेतली, तेवढी धूळ लागली. दादा हे तुला वाचून दाखवत असेल म्हणून लिहिते, दोरी त्याने घट्ट बांधली होती.

खोली मिळायला नऊ दारं लागली. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, मालक कुठं असतेत. नाहीत म्हटलं की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची. शेवटी तानुबाई नावाच्या म्हातारीने दिली. तिनेही विचारलंच. मी म्हटलं, मी पंधरा वर्षांची असतानाच ते वारले.

"मंग पोट कशावर चालतंय?"

"जनाना दवाखान्यात नर्स आहे."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "स्वतःचं एक न्हाई अन् गावाची बाळंतपणं करायलीस. ये बाई. माझी म्हैस बी व्यायला आलीय."

चेष्टा होती की टोमणा, अजून कळलेलं नाही. हैदराबादला शिकताना आम्ही तीस जणी एका पंगतीत जेवायचो. इथे एकटीपुरतं पीठ घेता येत नाही. रोज एक भाकरी उरते, ती म्हशीला जाते.

दवाखान्यात आपल्या लिंगायत समाजाच्या बायका येत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंचा नियम आहे, टेबलावर बाईच्या अंगावर काही ठेवायचं नाही. बांगडी नाही, दोरा नाही. आणि आपल्या बाईने गळ्यातलं लिंग जन्मात उतरवायचं नाही. त्या दारातूनच परत जायच्या. मी तोड काढली. तिच्या गळ्यातलं काढते आणि तिच्या देखत माझ्या गळ्यात घालते. सांगते, माझ्यापाशी आहे, भुईला लागणार नाही. उरकलं की आधी ते परत बांधते, मग बाळ दाखवते. दोघी सुटल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आम्हाला सुचलं नसतं.

निघताना तू विचारलंस, पूजा करून जेवशील ना. हो. पहाटे अंघोळ करून लिंग वस्त्रातून सोडून तळहातावर घेऊन बसते. सातव्या वर्षी पायरीवर पडले तेव्हा त्याच्या कडेचा टवका उडाला होता, आठवतं? तो अंगठ्याला लागतो. मग जेवते.

वहिनीला घागर उचलू देऊ नकोस.

महानंदा

*

परभणी,
पौष वद्य ५

ती. आईस शरणार्थ.

दादाचं कार्ड आलं. मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत, वाचून बरं वाटलं. शिवरात्रीला मठाचे अय्या येणार, बाळाला लिंग बांधणार, आत्याने मांडीवर घेऊन बसायचं, सगळं वाचलं. मला रजा मिळणं कठीण दिसतं. दवाखान्यात गर्दी आहे. मांडीवर घ्यायला मावशीही चालेल.

तानुबाईंची म्हैस व्यायली. मला हाक मारली होती, म्हणाल्या शिकलेली हाय, बघू दे. म्हशीने जवळ येऊ दिलं नाही. "तुझ्यापरीस तिलाच जास्त कळतंय," तानुबाई म्हणाल्या. मला खरवस दिला.

थंडी पुष्कळ आहे. हात फुटले आहेत.

एक विचारायचं होतं. बाबांना मातीत बसवलं तेव्हा त्यांच्या हातात लिंग कोणी ठेवलं? ठेवण्याआधी वस्त्र सोडून कोणी पाहिलं होतं का? सहज विचारते. दादाला आठवत असेल तर त्याने लिहावं. नसेल तर राहू दे. सहजच विचारलं.

बाळाचं नाव काय ठेवणार?

महानंदा

*

परभणी,
माघ शुद्ध ११

दादा, हे आईला पुरतं वाचून दाखव. तू मधलं गाळशील. गाळू नकोस. आधीची पत्रं मीच गाळून लिहिली आहेत.

आई,

रजा मी मागितलीच नव्हती.

पौष लागला त्या आठवड्यात पेडगावहून एक बाई गाडीतून आली. चन्नबसम्मा. नवरा ईश्वरअप्पा, गावात दुकान आहे. दोन दिवस घरी अडलेली होती. टेबलावर घेताना तिने माझा पदर धरला.

"तुमी आपल्यातल्याच का?"

हो म्हटलं.

"मंग घ्या." तिने स्वतःच्या हाताने लिंग काढून माझ्या गळ्यात घातलं. म्हणाली, "सांभाळा."

मुलगी झाली. ती जगली. चन्नबसम्मा दुपारी तीनच्या सुमारास गेली. मुलगी तिला दाखवायची राहिली.

अंधाराआधी माती द्यायची म्हणून गाडी जुंपून उभी होती. माझ्या गळ्यात दोन दोरे होते. दोन्ही वस्त्रं पांढरी, सारखीच धुतलेली. एक काढून मी तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. ईश्वरअप्पा माझ्या पाया पडायला वाकले. मी मागे सरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून बसले. वस्त्र सोडलं. अंगठा कडेवरून फिरवला. कड अखंड होती.

सगळ्या कडेवरून फिरवला. पुन्हा फिरवला.

तुला वाटेल, घाईत झालं. घाई होती, पण वस्त्र सोडून पाहण्याइतका वेळ होता. मी पाहिलं नाही, कारण पाहायचं तर तिच्या तोंडाजवळ आणखी थोडं उभं राहावं लागलं असतं. मला तिथून निघायचं होतं.

माझं तिच्याबरोबर मातीत गेलं. तिचं माझ्या गळ्यात राहिलं. त्याची पूजा मला करता येईना, ते उतरवून ठेवताही येईना. नवं मागायला अय्यांकडे जायचं, तर जुनं कुठे आहे ते सांगावं लागणार. दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी टेबलावर एक बाई होती आणि माझ्या हातून कात्री खाली पडली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला केलं. त्या संध्याकाळी मी तानुबाईंकडून भाकरी मागून घेतली. "म्हशीचा वाटा आज तूच खाल्लास," एवढंच म्हणाल्या.

गेल्या शुक्रवारी सुट्टी होती. पेडगावला गेले. ईश्वरअप्पांच्या ओसरीवर त्यांची आई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं आणि लिंग गळ्यातून काढून त्यांच्यापुढे धरलं.

ईश्वरअप्पांनी दोन्ही हातांत घेतलं. म्हातारी बोलली.

"म्हंजी माझी सून तुझं घेऊन गेली?"

"हो."

"अन् तिचं इतके दिवस तुझ्या गळ्यात."

"हो."

"मंग मातीत कोण हाय, बाई? अन् माझ्या दारात कोण बसलीय?"

ईश्वरअप्पा म्हणाले, "आई, त्यांनी लेकरू वाचवलंय."

"म्हणून तर पाणी दिलं," म्हातारी म्हणाली.

मुलगी गुटगुटीत आहे. उठताना मी तिच्या पायाला बोट लावलं. म्हातारीने पाय दुपट्यात घेतला.

ईश्वरअप्पा वेशीपर्यंत आले. म्हणाले, "मी कुणाला सांगणार न्हाई. पण आईच्या तोंडाला मी हात लावू शकत न्हाई." परवा आपल्यातली एक बाई कळा येत असताना दवाखान्याच्या दारापर्यंत आली. तिच्या माणसांनी माझं नाव विचारलं आणि गाडी वळवून तिला घेऊन गेले. तिचं काय झालं मला माहीत नाही. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं आहे, आता आपल्या बायकांचं लिंग त्यांच्या मनगटाला बांधायचं, वरून स्वच्छ पट्टी. त्या तयार झाल्या. पण हे त्या बायकांना जाऊन सांगणार कोण? माझ्या तोंडून त्या ऐकणार नाहीत.

आता रजा मागितली आहे. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारच्या मोटारीने येईन. अय्यांना मी स्वतः सांगेन. दादाने मध्ये बोलू नये. नवं देतील की नाही, काय प्रायश्चित्त सांगतील, ते त्यांच्यावर. बाळाला मांडीवर घ्यायला मावशीला सांगून ठेव. मी आले की ओट्यावर बसेन. माझा गळा मोकळा असेल, ते तुला दारातूनच दिसेल. आत बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर संध्याकाळची मोटार आहे.

तू प्रत्येक पत्रात एकच विचारतेस, पूजा करून जेवतेस ना.

जेवते, आई.

महानंदा