गिरणीच्या डब्यातला उंदीर

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आयुधपूजा. महेश्वरप्पांच्या भातगिरणीत झेंडूचा नुसता पूर! वजनकाटा, मोटारी, ट्रॅक्टर — कुणी सुटलं नाही. मालकांच्या आई म्हणाल्या, "अगं, तुझी पण आयुधं आहेत की!" मग माझी पक्कडसुद्धा कुंकवाने माखली. वरच्या खोलीत मी बसवलेला नेटचा डबा आहे, गिरणीतल्या सगळ्या नेटच्या वायरी तिथूनच निघतात; त्यातही एक माळ घालून आले.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा संपला, कटकट सुरू. काट्यावरचा कॅमेरा दुपारी एकला मरतो, चारला जिवंत होतो. नेटच्या वायरीतूनच त्याला वीज मिळते. वायर रुसली की डोळे मिटले!

मालक म्हणाले, "कॅमेरा बिघडत नाही, कोट्रेशी बिघडवतो. दुपारी त्याच्या पाहुण्यांचे ट्रॅक्टर येतात, त्यांना वजन वाढवून देतो." शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर कोट्रेशण्णा घरी. बावीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस!

१५ ऑक्टोबर

वायरीची दोन्ही टोकं नव्याने बसवली. आठही तारा ठणठणीत. एकला — ठप्प.

कोट्रेशण्णा म्हणाले, "अक्का, त्याला पण जेवणाची सुट्टी लागते गं." मी हसले. मग वाईट वाटलं.

१६ ऑक्टोबर

अख्खी वायर नवी ओढली. ऐंशी मीटर! शिडी धरायला कोट्रेशण्णाच. एक वाजून दहा मिनिटांनी ठप्प. वरून पाहिलं तर त्यांचे हात शिडीवरच होते. आणखी काय पुरावा पाहिजे? पण मालकांना सांगून उपयोग नाही.

१७ ऑक्टोबर

कॅमेरा घरी आणून दिवसभर चालवला. दुपारीही टकाटका बघत होता मेला.

संध्याकाळी आणखी एक कळलं. मालकांच्या टेबलावरचा फोनही दुपारी बंद पडतो. त्यांना वाटायचं, बायको फोन आपटते! तो फोन त्याच डब्यावर आहे. म्हणजे कॅमेरा साव, वायर साव, उरला डबा. पण डबा मी स्वतः बसवलेला! आपला तो बाब्या — चार दिवस उघडूनही पाहिला नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कॅमेरा परत काट्यावर लावला आणि डबा उघडला. आत भट्टी. पत्र्याखालची खोली, आणि डब्यातल्या पंख्याने माझी माळ गिळलेली! वाळलेला झेंडू, दोरा, सगळं आत गुरफटलेलं. दुपारी डबा तापतो, स्वतःला वाचवायला वायरींची वीज तोडतो, निवला की परत सोडतो. एवढंच!

माळ ओढून काढली आणि खिडकीतून भिरकावली. दोन वाजले तरी कॅमेरा चालू.

मालक जिन्यातच उभे. "काय होतं?"

तोंडातून निघून गेलं — "उंदीर."

यांच्या तिन्ही गिरण्यांचं काम माझ्याकडे आहे. पूजा करून डबा मीच बंद पाडला, असं कुठल्या तोंडाने सांगू? उंदीर काय, गणपतीचं वाहन, त्याला कोण कामावरून काढणार!

१९ ऑक्टोबर, शनिवार

काढलं. उंदराला नाही, कोट्रेशण्णांना!

"उंदीर शिरला म्हणजे दार उघडं होतं," मालक म्हणाले. "दिवसभर त्या खोलीच्या खाली बसतो कोण? कोट्रेशी!"

मी तिथेच उभी होते. लाज वाटते लिहायलासुद्धा.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. बायकोने मंडक्की, म्हणजे आपले चुरमुरे, आणि गरम मिरचीभजी पुढे ठेवली. त्या घरात, आजच्या दिवशी! कोट्रेशण्णांनी सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली. आत वाळकी माळ.

"काल काट्यावर येऊन पडली, अक्का. काट्याने वजन दाखवलं नाही, पण उंदीर कुठला ते मला कळलं."

"मालकांना का नाही सांगितलंत?"

"एकाचं घर बुडालंच होतं. दुसऱ्याचं कशाला बुडवायचं?"

मिरची तिखट होती म्हणून बरं. डोळे पुसता आले.

२१ ऑक्टोबर, सोमवार

कोट्रेशण्णांकडून मागून आणलेली माळ सकाळी मालकांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "हा घ्या उंदीर. मीच सोडला होता."